पाव ओहमच्या खाली नाही

फेलिसितास मागपांतायने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, आणि वाफेची नळी तर तोंडालासुद्धा लावली नाही. त्या गोड वासाने तिचं डोकं दुखायचं. तरी मारिकिनातल्या मांग इस्कोच्या व्हेपच्या दुकानात जी पोरं यायची, ती दारातूनच विचारायची, "आते फेली आहे का?" नसली तर परत फिरायची. आते म्हणजे थोरली बहीण, जसं इस्कोच्या नावामागचं मांग म्हणजे काका. पन्नाशीला टेकलेली, केस घट्ट मागे बांधलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तारेकडे बघणारी ही बाई, आणि तिच्या हातची, वाफ काढणारी तारेची कॉइल हवी म्हणून अंगभर गोंदवून घेतलेले तरुण तिच्यासमोर स्टुलावर गुमान बसायचे.

तिच्या बोटांना बारीक कामाची सवय पोरवयापासूनची. आई हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळायला गेली, तेव्हा फेली शाळा सोडून बुटांच्या कारखान्यात लागली आणि बुटांचे वरचे भाग शिवू लागली. धाकटा भाऊ रोमेल तेव्हा नीट चालतही नव्हता. त्याला शेजारणीकडे ठेवायचं, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन भरवायचं, पुन्हा धावत जायचं. आई दर नाताळला खोकं भरून साबण, टॉवेल आणि चॉकलेटं पाठवायची. एका वर्षी खोकं आलं नाही, तीच आली, हळदीसारखी पिवळी पडून, आणि फार दिवस जगली नाही. रोमेलला आई म्हणून जी आठवते ती फेलीच. मध्यंतरी एका भल्या माणसाने तिला मागणी घातली होती, पण भावाला बरोबर आणायचं नाही अशी त्याची अट होती. फेलीने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. रोमेलला ती बुन्सो म्हणायची, शेंडेफळ. तो तिशी ओलांडून, लग्न करून, रोज सकाळी जीपनी, म्हणजे उतारूंची लांबोडी जीप, बाहेर काढायला लागला तरी तिच्या तोंडी तो बुन्सोच.

कारखान्याला कुलूप लागलं त्याच सुमारास रोमेलने सिगारेट सोडली. त्याची बायको रोवेना त्याच्या खोकल्याला कंटाळली होती. त्याने वाफेची नळी घेतली, आणि तीही पितळेची, आत ना चिप ना स्क्रीन. पोटात एक बॅटरी, डोक्यावर कॉइल, बुडाशी बटण. बटण दाबलं की बॅटरी थेट तारेला भिडते, मध्ये अडवायला कुणी नाही. अशा नळीतून खोलीभर ढग निघतो म्हणून पोरं तिच्यापायी वेडी. रोमेल जेवणाच्या टेबलावर तार गुंडाळत बसायचा आणि तिला शिव्या घालायचा. एकदा फेलीने भांडी घासता घासता हात पुसले, म्हणाली, "आण इकडे. तारेची आई काढून ती सरळ होणार आहे का?" तिने एका जाड तारेवर बारीक तार अशी काही चढवली की वेढ्याला वेढा लागून बसला, कुठे फट नाही, कुठे ताण नाही. रोमेलने ती कॉइल इस्कोला नेऊन दाखवली, आणि पुढच्याच आठवड्यात दुकानातल्या काचेच्या कपाटामागे फेलीचं टेबल लागलं.

पहिल्यांदा तिला यातलं काही कळत नव्हतं. सांगतील तेवढ्या जाडीची तार, सांगतील तेवढे वेढे. मग एक दिवस कॉलेजातला एक मुलगा दुकानात आला तो "गरम होतंय, गरम होतंय" करत, नळी या हातातून त्या हातात नाचवत. इस्कोने ती हिसकावून रस्त्यावर भिरकावली. गटाराच्या कडेला तिने आधी फुसकन आवाज केला, आणि मग तिच्या तोंडातून बोटभर ज्वाळ निघाली. बॅटरीच्या अंगावरची प्लास्टिकची साल नखाएवढी फाटली होती, तेवढंच. कुणाला काही झालं नाही. सगळे हसले, मुलाने मोबाइलवर फोटोही काढले. फेली मात्र हसली नाही. ती टेबलामागून उठून इस्कोसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आता मला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगा, नाहीतर मी उद्यापासून येत नाही.

इस्को जुना वायरमन. त्याने सांगितलं ते फार अवघड नव्हतं. बॅटरी पूर्ण भरली की चार पूर्णांक दोन व्होल्ट. त्याला कॉइलच्या ओहमने, म्हणजे तारेच्या अडथळ्याने, भागायचं, म्हणजे तार बॅटरीतून किती अँपिअर ओढणार ते कळतं. तार जितकी कमी ओहमची तितका ढग मोठा, आणि तितकी बॅटरीची फरफट. पाव ओहमची कॉइल सतरा अँपिअर ओढते. खरोखर पंचवीस अँपिअर देणारी बॅटरी असेल तर ते तिला झेपतं आणि वर थोडी ताकद शिल्लक राहते. "आणि बॅटरीवर छापलेला आकडा?" फेलीने विचारलं. इस्को म्हणाला, "छापायला काय, शाईच लागते."

तेव्हापासून तिने तिचा कायदा केला. आधी बॅटरी बघणार. साल फाटली असेल तर नवी चढवून देणार. अनोळखी बनावटीची असेल तर तिच्यासाठी कॉइल बनवणार नाही. कॉइल बसवली की मीटरवर ओहम मोजणार, आणि पाव ओहमच्या खाली कुणालाच काही देणार नाही. सुटी बॅटरी कुणी खिशात घालून आणली तर ती आधी त्याला प्लास्टिकची डबी घ्यायला लावायची; किल्ली-नाण्याने बॅटरीची दोन टोकं जोडली गेली की ती पेटते. पोरं म्हणायची, "आते फेलीकडे म्हणजे चर्चसारखं आहे. आधी कबुली द्यायची, मग प्रसाद." ती म्हणायची, "देवाला चालतं, तुम्हाला काय धाड भरली आहे?" पोरं कुरकुर करायची पण यायची तिच्याचकडे.

रोवेना कुवेतला गेली तेव्हा रोमेलने तिला विमानतळावर हसत हसत सोडलं होतं. दोन वर्षं, मग घराला आणखी एक खोली, मग मूल, असं दोघांनी ठरवलं होतं. रोज दुपारी तो जीपनी सावलीत लावून तिच्याशी फोनवर बोलायचा, मागच्या बाकावरचे उतारूसुद्धा तिला हात करायचे. मग फोन एकाआड एक दिवस यायला लागला. मग आठवड्याने. मग एका रविवारी तिने चार ओळींचा निरोप पाठवला, की माझी वाट बघू नकोस, इथे माझं वेगळं झालं आहे, मला माफ कर. रोमेलने तो निरोप फेलीला दाखवला तेव्हा तो रडला नाही. म्हणाला, "घाबरली असेल. मालकीण जवळ बसवून लिहायला लावत असेल. येईल ती."

त्यानंतर त्याने जीपनी काढणं सोडलं. दारासमोर ती उभी राहून राहून तिच्या टायरांभोवती गवत उगवलं. किल्ली मात्र खिशात असायची, चाळा म्हणून तो ती सारखी खुळखुळवायचा. जेवायचा नाही, अंघोळीला उठायचा नाही. फेली कामावरून आली की तो सकाळी जिथे बसलेला होता तिथेच असायचा, आणि खोलीत धुकं साचलेलं. तिने शेजारच्या बायकांना विचारलं, फादरना विचारलं, रोमेलच्या जुन्या ड्रायव्हर मित्रांना घरी जेवायला बोलावलं. ते आले, खाऊन गेले. एकदा तिने मासळीची त्याच्या आवडीची आंबट आमटी केली आणि त्याच्यासमोर ठेवली, तर त्याने ताटली बाजूला सारून विचारलं, "आते, माणूस कशाने मोठा दिसतो गं? लांबून?" तिने ताटली पुन्हा पुढे केली.

मग तायताय गावच्या जत्रेत ढगांची स्पर्धा आहे असं त्याला कळलं, आणि तो एकदम उठून उभा राहिला. दाढी केली. भिंतीला टेकून, पाठ ताठ करून, छाती भरून वाफ सोडायचा सराव करायला लागला. फेलीला आधी बरं वाटलं. माणूस कशासाठी का होईना उठला. पण लवकरच तिच्या ध्यानात आलं की हे उठणं काही बरं नाही. तो म्हणायचा की स्पर्धेचा व्हिडिओ सगळीकडे जाईल, कुवेतलाही जाईल, रोवेना बघेल.

एका दुपारी तो दुकानात आला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर गिऱ्हाइकासारखा बसला.

"एक दशांश ओहमची जोडी हवी," तो म्हणाला.

फेलीने मान वर केली नाही. "पाव ओहमची देते."

"पाव ओहमचा ढग पोरंसुद्धा काढतात."

"पोरांनाच काढू दे. चार पूर्णांक दोनला एक दशांशने भाग. किती झाले?"

"मला शिकवू नकोस. मीच तुला या कामात आणलं."

"मग बोल ना. बेचाळीस अँपिअर होतात. एवढ्या पिटुकल्या बॅटरीने बेचाळीस कुठून आणायचे, बुन्सो? तुझ्या तोंडापाशी असते ती."

त्याने खिशातून जांभळ्या सालीच्या तीन नव्या बॅटऱ्या काढून टेबलावर उभ्या केल्या. प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात चाळीस छापलं होतं. ऑनलाइन मागवल्या होत्या, ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीतून. फेलीने त्या उचलल्यासुद्धा नाहीत. म्हणाली, "चाळीस म्हणजे नुसती शाई आहे."

"तू देणार आहेस की नाही?"

"नाही."

तो उठला. दुकानात दोन-तीन पोरं होती, इस्को होता. सगळ्यांसमोर तो हळू आवाजात म्हणाला, "तू माझी आई नाहीस. तुला सांभाळायला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून तू मला धरून बसली आहेस." आणि बॅटऱ्या गोळा करून निघून गेला. फेलीने हातातली तार संपेपर्यंत गुंडाळली. मग इस्कोला म्हणाली की माझं डोकं दुखतंय, आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

कॉइल त्याने स्वतःच गुंडाळली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा तो निघून गेला होता. चार्जरमध्ये तीनपैकी एक जांभळी बॅटरी राहिली होती. फेलीने ती काढायला हात लावला तर ती उन्हातल्या दगडासारखी तापलेली. नुसत्या चार्जिंगने इतकी तापणारी बॅटरी तिने पाहिली नव्हती. तिने ती फडक्यात गुंडाळली, पातेल्यात ठेवली आणि पातेलं हातात घेऊन दुकानाकडे निघाली. वाटेत लोक विचारत होते, आज काय आणलंस फेली, आणि ती पातेलं अंगापासून लांब धरून चालतच होती.

बॅटरी निवल्यावर इस्कोने ती तराजूवर टाकली. शेजारी चांगल्या बनावटीची एक टाकली. जांभळी हलकी भरली, अगदी डोळ्यात भरण्याइतकी हलकी. मग त्याने ब्लेडने तिची साल उभी चिरली. आत दुसरी साल निघाली, राखाडी, ओरखडलेली, जुनी. दोन्ही टोकांना पत्रे जोडल्याचे बारीक काळे ठिपके होते. कुठल्या तरी मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून उपटून काढलेली, जांभळा सदरा घालून विकलेली. इस्को म्हणाला, "ही दहा अँपिअरसुद्धा देणार नाही. बेचाळीस ओढले तर..."

फेलीने रोमेलला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. इस्कोने लावला. त्याने उचलला नाही, कारण घरचे नंबर दोन दिवस तो उचलतच नव्हता. इस्कोने स्पर्धा भरवणाऱ्यांचा नंबर शोधायला घेतला, तेवढ्यात फेली दारातून बाहेरही पडली होती. पायात घरातल्या स्लीपर, कमरेला दुकानातला ॲप्रन.

मोटरसायकलची रिक्षा, म्हणजे ट्रायसिकल मिळाली, पुढे जीपनी मिळाली, पण वाटेतल्या काइंताच्या चौकात सगळं ठप्प होतं. जत्रेसाठी रस्ता अर्धा बंद केलेला. ड्रायव्हर कपाळाचा घाम पुसत मिरवणुकीकडे बघत बसला. फेलीने त्याला विनवलं, भाऊ, आतून काढा, माझ्या भावाचा जीव धोक्यात आहे. तो म्हणाला की मावशी, जीपनीला पंख असते तर मी इथे कशाला असतो. शेजारची बाई तिला पंख्याने वारा घालू लागली. फेलीला बसवेना. ती उतरली आणि चालू लागली, मग पळू लागली. उन्हात, गर्दीत, वाद्यांच्या गोंगाटात, लोकांच्या खांद्यांना हाताने बाजूला सारत. एक स्लीपर निसटली ती तिने तशीच सोडली. डोळ्यांसमोर एकच होतं, तो पितळेचा तुकडा आणि त्याच्यावर टेकलेले रोमेलचे ओठ. लहानपणी तो पडला की ती त्याची हनुवटी धरून दात पुसायची, ते दात. देवाशी तिने बोलून पाहिलं, पण धाप लागली होती आणि "नको, नको" याच्यापुढे तिची प्रार्थना जात नव्हती.

बास्केटबॉलच्या छपराखाली स्पर्धा चालू होती. आत इतकं धुकं होतं की छताचे पत्रे दिसत नव्हते. दोन स्पर्धक पाठीला पाठ लावून उभे राहायचे, समोर मोठी मोजपट्टी रंगवलेला पडदा, आणि एका दमात ज्याचा ढग लांब जाईल तो पुढच्या फेरीत. रोमेल स्पर्धकांच्या ओळीत उभा होता. दोन फेऱ्या त्याने जिंकल्या होत्या आणि मधे बॅटरी बदलली होती. आता तिसरीसाठी त्याचं नाव पुकारलं होतं. फेलीने दोरी ओलांडली. एका स्वयंसेवकाने तिला अडवलं, ती त्याच्या हाताखालून वाकून गेली.

"बुन्सो, दाबू नकोस," ती म्हणाली. धाप लागल्यामुळे तिचा आवाज फाटला होता. "ती बॅटरी खोटी आहे. आम्ही चिरून बघितली. लॅपटॉपची आहे."

तिला बघून रोमेलचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. लोक हसू लागले होते. कुणीतरी ओरडलं की आईसाहेब न्यायला आल्या. रोमेल दात आवळून म्हणाला, "आते, जा. मी पाया पडतो, आत्ता जा इथून." तो कॅमेऱ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. त्याने नळी ओठांपाशी नेली.

फेलीने पुढे होऊन दोन्ही मुठींत ती नळी धरली, त्याच्या बोटांवरून, आणि वरचं तोंड आपल्या तळव्याने झाकलं. नळी आधीच गरम होती.

"दाब," ती म्हणाली. "दाबायचं असेल तर आता दाब. माझा हात आहे तोवर."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. सूत्रसंचालक माइकवर काही विनोद करू पाहत होता, त्यानेही तो अर्ध्यात सोडला. रोमेलची बोटं सैल झाली. नळी तिच्या हातात आली. तो वळला आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाला, डोकं खाली, एक हात खिशात. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

फेलीने तिथेच खाली बसून नळीचं बूड उघडलं आणि बॅटरी जमिनीवर पाडली. साल एका बाजूने सुटून गोळा झाली होती. तिने ॲप्रनमध्ये ती उचलली, माणसं नव्हती अशा कोपऱ्यात सिमेंटवर नेऊन ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला हसू येत होतं. रागावला आहे तर रागावू दे, वर्षभर बोलला नाही तरी चालेल, तोंड तर शाबूत आहे, असं ती मनाशी म्हणत होती. तीन बॅटऱ्या होत्या. एक पातेल्यातून आली होती, एक समोर होती. तिसरीची आठवण तिला व्हायच्या आधी तिने तो आवाज ऐकला.

फटाक्याच्या वातीसारखा आवाज होता तो, पण संपत नव्हता. मग रोमेलची किंकाळी आली. फेऱ्यांच्या मधे काढलेली बॅटरी त्याने घाईत तशीच खिशात टाकली होती, जीपनीच्या किल्लीबरोबर, आणि दाराशी उभा राहून तो नेहमीसारखी ती किल्ली खुळखुळवत होता. त्याच्या पँटच्या खिशातून पांढरी ज्वाळ बाहेर येत होती आणि तो दोन्ही हातांनी खिसा फाडायचा प्रयत्न करत होता.

लोक मागे सरले. फेली पुढे धावली. दाराशी शहाळ्याचं पाणी विकणाऱ्या म्हाताऱ्याने आपली बर्फाच्या पाण्याची आख्खी बादली रोमेलच्या मांडीवर ओतली, आणि दुसरी, आणि तिसरी. कुणीतरी कात्री दिली. फेलीने पँट कंबरेपासून कापली तेव्हा कापडाबरोबर काय काय सुटून आलं ते तिने पाहिलं, आणि त्यापुढे तिने तिकडे पाहणं बंद केलं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो आई आई करत होता. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती, आणि तो कुणाला हाक मारत होता हे तिला माहीत होतं.

इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ घरचं एक माणूस लागतं. फेली रोमेलच्या खाटेखाली पुठ्ठा टाकून राहू लागली. पट्ट्या आणायच्या, मलम आणायचं, जखम धुताना त्याचे खांदे दाबून धरायचे. उजवी मांडी कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती. धुताना तो ओरडायचा नाही, आणि तेच तिला जास्त भीतीचं वाटे. मग ताप चढला. डॉक्टरीण तरुण होती, नीट समजावून सांगणारी. तिने सांगितलं की जखमेत पू झाला आहे, तो आटोक्यात आला तर डाव्या मांडीची कातडी काढून उजवीला लावता येईल. आला नाही तर पाय ठेवता येईल असं मी सांगत नाही. आणि रुग्णाने खाल्लं पाहिजे, त्याच्या अंगात भरून यायला काही उरलेलं नाही.

रोमेल खात नव्हता. फेली आल्याची तांदळाची पेज करून आणायची, अंडं कुस्करून घालायची. तो ओठ मिटून घ्यायचा. एका सकाळी ती पाणी आणायला गेली तेवढ्यात त्याने हातातली सलाइनची सुई उपटून टाकली. नर्सने परत लावली. त्याने पुन्हा उपटली. मग म्हणाला, "मला राहू दे ना, आते. मी काय मागतोय? राहू दे फक्त."

वॉर्डातल्या सगळ्यांसमोर ती त्याच्यावर ओरडली नाही, तिने पाण्याचा पेला खाटेखाली ठेवला. ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून तिने कुवेतला फोन लावला. बरेच दिवस ती हे करायचं टाळत होती. रोवेनाने फोन उचलला. फेलीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि मग भीक मागावी तशी मागणी केली. ये. कायमची नको येऊस, महिनाभर ये. नाहीतर नुसतं खोटं बोल त्याच्याशी, मी येते म्हण, त्याने दोन घास खाल्ले की मग म्हण नाही जमत. पलीकडे रोवेना खूप वेळ रडत होती. मग म्हणाली, "आते फेली, मी खोटं बोलले तर तो उठून बसेल, आणि मग कळेल तेव्हा? मला मूल होणार आहे. त्याला मीच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

ही गोष्ट सांगितली तर तो मरेल असं तिला वाटत होतं. नाही सांगितली तरी तो मरतच होता. हातात दुसरं काहीच नव्हतं. ती आत आली, खाटेच्या कडेला बसली आणि त्याचा चांगला हात हातात घेऊन सरळ सांगून टाकलं. रोवेनाचं तिथे घर झालं आहे. तिला मूल होणार आहे. तिला कुणी धरून ठेवलेलं नाही. ती येणार नाही.

रोमेलने डोळे मिटले. त्याच्या कानांकडे पाणी ओघळत गेलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. शेजारच्या खाटेजवळच्या बाईने तोंड फिरवून घेतलं. फेली हात धरून बसून राहिली आणि त्याचा श्वास मोजावा तसा ऐकत राहिली.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "तू खोटं बोलशील म्हणून वाट बघत होतो."

मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "काय आणलंय?"

पेज निवून गेली होती, वर साय धरली होती. त्याने चार चमचे खाल्ले आणि पाचव्याला ओकारी काढली. दुपारी पुन्हा तीन खाल्ले.

ताप उतरायला वेळ लागला. कातडी लावली ती अर्धी धरली, अर्धी पुन्हा लावावी लागली. पाय राहिला. पण गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे ब्रेकवर पाय दाबता येत नाही, आणि जीपनी दुसऱ्याच्या दारात गेली. फेली इस्कोच्या टेबलावर परत बसली, कारण घरात चूल पेटायला हवी होती. सुरुवातीला तिच्या हातातली तार सरळ येत नसे. आता येते. चिप नसलेल्या नळीसाठी मात्र ती कॉइल करत नाही, पाव ओहमची असो की एका ओहमची. पोरं वाद घालतात, मग दुसरीकडे जातात. ती कुठे जातात, कुणाकडून काय घेतात, याचा विचार तिला दिवसभर पोखरत राहतो, आणि तिच्याकडे त्यावर काही इलाज नाही.

रोमेल बरा झाला असं कुणी म्हणालं तर ती नुसती मान हलवते. काही दिवस तो चांगला असतो, शेजाऱ्याच्या गेटला रंग देतो, दाराशी बसून कोंबड्यांवर ओरडतो. काही दिवस अंथरुणातून उठत नाही आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. दुसऱ्याबद्दल बोलावं तसं तो एकदा म्हणाला की ज्या दिवशी काहीच हवंसं वाटत नाही तो दिवस लांबलचक असतो. ती म्हणाली, "माझ्यासाठी काढ." तो म्हणाला, "तेच करतोय."

सकाळी ती कॉफी गाळते, पाव झाकून ठेवते, छत्री घेऊन दाराशी येते, पण बाहेर पडत नाही. वरच्या खोलीत लाकडी फळ्यांवर एक पाय टेकल्याचा आणि दुसरा ओढल्याचा आवाज येतो का, ते ऐकत उभी राहते. कधी तो लवकर येतो. कधी दुकानाला उशीर होतो, इस्को फोन करतो, तरी ती छत्रीच्या मुठीवर हात ठेवून वर बघत तशीच उभी असते.